तीन नंबरवरचं अनोळखी कार्ड

पांडेसऱ्यातल्या त्या रंगाच्या मिलमध्ये कॉम्प्युटर रूमची चावी ज्याच्या कमरेला असायची, त्या माणसाला सगळे धुडकू म्हणत. त्याच्या गेटपासावर धुडकू होतं, हजेरीच्या कार्डावर धुडकू होतं, रेशनकार्डावरसुद्धा धुडकूच होतं. त्याचं नाव मात्र आनंदा होतं. ही गोष्ट अख्ख्या सुरतेत तीन माणसांना ठाऊक होती: तो स्वतः, त्याची बायको तारा आणि टाइम ऑफिसातला लखन.

खरा धुडकू म्हणजे त्याचा चुलतभाऊ, शिंदखेड्याकडच्या गावचा. शहाऐंशी साली त्याला या मिलमध्ये जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनवर, नोकरी लागली आणि चौथ्या महिन्यात कावीळ झाली. गावी जाताना त्याने आनंदाला बोलावून घेतलं, स्वतःचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं आणि सांगितलं की पंधरा दिवस माझ्या जागी उभा राहा, नाहीतर नाव कटेल. यात नवल काहीच नव्हतं. खानदेशातून आलेली निम्मी मिल असंच करी. कोणाचं लग्न, कोणाची पेरणी, कोणाच्या घरी मयत, की भाऊ नाहीतर मेहुणा त्याच्या कार्डावर येऊन उभा राही. गेटवरचा माणूस कार्ड बघे. तोंड बघून तरी काय करणार, शिफ्ट संपवून बाहेर पडणाऱ्याचं तोंड निळं नाहीतर जांभळं असायचं.

पंधरा दिवसांची बारा वर्षं झाली. खरा धुडकू बरा झाला, त्याने आपल्या शेळ्यांकडे एकदा नीट बघितलं आणि जाहीर केलं की त्या वाफेत आपण परत पाय ठेवणार नाही. कार्ड आनंदाकडेच राहिलं. आता याला फसवणूक म्हणायचं तर म्हणा. पण बारा वर्षं वाफ त्यानेच खाल्ली, चार वर्षांपूर्वी उजवा हात त्याचाच भाजला, आणि जड काम जमेना तेव्हा कॉम्प्युटर रूममध्ये झाडू-फडकं आणि चावी सांभाळायला त्यालाच बसवलं. धुडकूने यातलं काही केलं नव्हतं. धुडकू शेळ्यांमागे होता आणि मजेत होता.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात मिलमध्ये डबा आला. मालक भूपेंद्रभाई शेठ यांच्या साड्यांची डिझाइनं चोरीला जात होती. रूममधल्या आठ कॉम्प्युटरांवर पोरीपोरं महिनाभर खपून फुलं-वेलबुट्ट्या काढत, आणि शेठची साडी छापून व्हायच्या आधीच तीच वेलबुट्टी बाजारात दुसऱ्याच्या दुकानात लटकत असे. तीनदा असं झाल्यावर शेठने जेवण सोडलं नाही, पण जेवताना बोलणं सोडलं. शेवटी बडोद्याहून योगेश नावाचा इंजिनियर आला. बडोद्याचाच मराठी पोरगा, गळ्यात टाय, बोलणं तुटक. त्याने भिंतीवर एक राखाडी डबा ठोकला. डब्याला भोकं होती, प्रत्येक भोकात एकेका कॉम्प्युटरची वायर, आणि प्रत्येक भोकावर बारीकसा हिरवा दिवा.

"हा डबा माणूस ओळखत नाही," योगेशने सगळ्यांना उभं करून सांगितलं. "टेबल ओळखत नाही. खरं तर कॉम्प्युटरही ओळखत नाही. वायर जिथे खोचता ना, तिथे आत एक कार्ड असतं. त्या कार्डावर कारखान्यातूनच नंबर कोरून येतो, बारा अक्षरांचा. दुनियेत तसा दुसरा नसतो. वायरीतून कोणी बोलायला लागलं की डबा आधी नंबर बघतो आणि लिहून ठेवतो, एक नंबरच्या भोकात हा राहतो, दोनमध्ये तो राहतो. ती यादी मी आता पक्की केली आहे. उद्या कोणी बाहेरून कॉम्प्युटर आणून तीन नंबरला लावला, तर नंबर जुळणार नाही. डबा ते भोक बंद करेल, दिवा केशरी होईल आणि आलेल्याचा नंबर लिहून ठेवेल. मी येऊन सोडवेपर्यंत भोक बंद."

धुडकू फडकं हातात धरून मागे उभा होता. आपल्यासारख्याच माणसांसाठी हा डबा आणलाय, असं त्याला वाटू लागलं. न राहवून त्याने विचारलं, "साहेब, कार्ड तेच, पण मशीन दुसरं असलं तर?"

योगेशने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "चांगला प्रश्न आहे. मग डब्याला काही कळणार नाही. तो म्हणेल आपलाच आहे."

धुडकूच्या जिवात जीव आला. डबा गेटवरच्या माणसासारखाच होता, फक्त चहा मागत नव्हता.

जाताना योगेशने दोन कागद भिंतीवर चिकटवले. एकावर आठ भोकं आणि त्यांचे आठ नंबर. दुसऱ्यावर हिंदीत लिहिलेलं, की कॉम्प्युटरचं कव्हर कोणीही उघडू नये. शेठने तोंडी जोड दिली, "जो खोलेगा, वो घर जायेगा."

त्यानंतर शेठ त्या डब्याच्या प्रेमातच पडले. येणाऱ्या व्यापाऱ्याला आधी डबा दाखवत, मग साडी. आठवड्याभरात त्यांना सुचलं की सगळी मिलच अशी चालली पाहिजे. त्यांनी टाइम ऑफिसात हुकूम दिला: दिवाळीनंतर प्रत्येक कामगाराची फाइल काढायची, फाइलमधला फोटो आणि समोरचं तोंड जुळवायचं, जुळलं नाही की भोक बंद.

लखनने ही बातमी धुडकूला चहाच्या टपरीवर सांगितली. लखन नंदुरबारकडचा, टाइमकीपर, आणि शहाऐंशी साली आनंदाला धुडकूच्या कार्डावर आत घेणारा तोच. त्यामुळे भीती दोघांचीही होती, फक्त लखन ती पान खाऊन लपवी.

"दोन हजार फायली आहेत," लखन म्हणाला. "तुझी मी ढिगाच्या पार तळाशी घातली. शेठचा उत्साह दोनशेच्या पुढे टिकत नाही, मी ओळखतो त्याला. तू एकच कर. तुझ्या नावाचा कुठला कागद निघू देऊ नको. कागद निघाला की फाइल निघते, आणि फाइल निघाली की त्यात फोटो धुडकूचा आहे."

"नाही निघणार," धुडकू म्हणाला. त्याने बारा वर्षांत एक दिवस उशीर केला नव्हता, एक शब्द उलट बोलला नव्हता. कागद निघावा असा तो माणूसच नव्हता.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-कोयता पुजतो, सुतार रंधा पुजतो, आणि रंगखात्यातले लोक जिगर पुजत. पण कशी? वरवर हळदकुंकू लावून नाही. आदल्या पाळीला मशीन थांबवायचं, रोलर काढायचे, कठडे काढायचे, एकेक नटबोल्ट सोड्याच्या पाण्यात धुवायचा, सगळं ओळीने मांडून टिळा लावायचा आणि मग जिथलं तिथे बसवायचं. घाणेरड्या मशीनला टिळा लावणं म्हणजे न आंघोळ केलेल्या नवरदेवाला मुंडावळ्या बांधणं. धुडकू आठ वर्षं जिगरवर असाच पूजा करत आला होता. कॉम्प्युटर रूममधली तीन वर्षं त्याने बाहेरून फडकं मारून भागवलं, आणि तिन्ही वर्षं त्याला ते खुपलं. या वर्षी त्याने ठरवलं की पूजा करायची तर पूजेसारखी करायची.

भिंतीवरची नोटीस त्याने वाचली होती. पण ती कामाच्या दिवसांची, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. देवळातसुद्धा एरवी मूर्तीला हात लावू नका म्हणतात, आणि पूजेला बसलेला माणूस मूर्तीलाच आंघोळ घालतो.

बुधवारी सकाळी सातला, बाकी कोणी यायच्या आत, त्याने रूम उघडली. स्क्रू ड्रायव्हर आणि रंगाचा मऊ ब्रश बरोबर होता. एकेक कॉम्प्युटर उघडायचा, आतली धूळ ब्रशने काढायची, निघतील ती कार्डं काढून वर्तमानपत्रावर मांडायची, पुसायची, प्रत्येकाला कुंकवाचा एक ठिपका, मग परत बसवून झाकण लावायचं. एक झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, ही जिगरवरची शिस्त. फक्त एके ठिकाणी ती मोडली. तीन नंबरच्या टेबलाखाली एक मेलेला कॉम्प्युटर पडून होता, डबा यायच्या आधीच वीज कमीजास्त होऊन जळालेला. बंद असला म्हणून काय झालं, तोही हत्यारच. धुडकूने वरचा तीन नंबर आणि खालचा मेलेला, दोन्ही एकदमच उघडले आणि दोघांची कार्डं एकाच वर्तमानपत्रावर मांडली. दोन्ही एकाच खरेदीतली, एका रंगाची, एका मापाची. पुसली, टिळा लावला, बसवली.

नऊला शेठ आले, त्यांनी डब्यापुढे स्वतः नारळ फोडला. पेढे वाटले, रूमला कुलूप लागलं. गुरुवारी दसऱ्याची सुट्टी.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी कॉम्प्युटर चालू केले आणि डब्यावरचा तीन नंबरचा दिवा केशरी झाला.

तीन नंबर म्हणजे जयश्रीचं टेबल. तिचे वडील जालन्याकडून आलेले, कडोदऱ्याला लूमवर. जयश्री तेवीस वर्षांची, रूममधला सगळ्यात चांगला हात, आणि धुडकूला काका म्हणणारी. दुपारी मिळणारा चहा ती अर्धा त्याला देई. शेठने बडोद्याला फोन लावला. योगेशने फोनवरून सांगितलं तसं शेजारच्या टेबलावरच्या चंचलने कॉम्प्युटरवर काहीबाही टाइप केलं आणि डब्याने लिहून ठेवलेला नंबर मोठ्याने वाचून दाखवला. शेवटची अक्षरं चार, सी, नऊ, एक.

योगेश पलीकडून म्हणाला, "हा नंबर माझ्या यादीत नाही. तीन नंबरला बाहेरचा कॉम्प्युटर लागला आहे. मी उद्या सकाळी येतो. तोवर कशाला हात लावू नका."

शेठने फोन ठेवला आणि जयश्रीकडे बघितलं. बुधवारी पेढे वाटून झाल्यावर ती रांगोळीचे डबे आवरायला अर्धा तास मागे थांबली होती. तिचा मावसभाऊ दुसऱ्या एका स्टुडिओत डिझाइन काढायचा. शेठला एवढं पुरलं.

"कोनुं मशीन लाव्युं हतुं?" त्यांनी विचारलं.

"कोईनुं नथी, शेठ," जयश्री म्हणाली. "मी कशाला कोणाचं मशीन आणू? रिक्षात घालून आणलं का मी? गेटवर विचारा ना."

प्रश्न बरोबर होता, पण शेठचा विश्वास आता गेटवर नव्हता, डब्यावर होता. डबा खोटं बोलत नाही, असं त्यांनी गुजरातीत सांगितलं आणि तिचा गेटपास काढून घेतला. उद्या इंजिनियर आल्यावर पोलिसात द्यायचं की नुसतं काढायचं ते ठरेल. जयश्रीने पर्स उचलली. रडायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं, पण दाराशी चप्पल घालताना तिला डावी-उजवी कळेना. तिला माहीत होतं आणि रूममधल्या सगळ्यांना माहीत होतं, की डिझाइन चोरली म्हणून एकदा बाहेर काढलेल्या मुलीला सुरतेतला कुठलाही स्टुडिओ दारात उभं करत नाही.

धुडकूला त्या वेळी खरंच काही कळलं नव्हतं. त्याला फक्त वाईट वाटत होतं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तो जयश्रीच्या टेबलाखाली झाडत होता आणि झाडू मेलेल्या कॉम्प्युटरला लागला. त्यावर कुंकू सांडलेलं होतं. तो तिथेच उकिडवा बसला. मग हळूच उठला, स्क्रू ड्रायव्हर आणला आणि झाकण उघडलं. आतल्या कार्डावर त्याचाच ठिपका होता, आणि ठिपक्याखाली चिकटपट्टीवर नंबर. इंग्रजी अक्षरं त्याला आकारानेच ओळखू येत. भिंतीवरच्या यादीतला तीन नंबरचा नंबर त्याने एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला. बाराच्या बारा जुळली.

जयश्रीचं कार्ड खाली मेलेल्यात होतं. मेलेल्याचं कार्ड वर जयश्रीच्या मशीनमध्ये बसून बोलायला लागलं होतं, आणि मेलेल्याची ओळख डब्याला कधी झालीच नव्हती. बाहेरचं कोणी आलं नव्हतं. पूजेत अदलाबदल झाली होती.

धुडकूला पहिला विचार आला तो सरळ होता: आता लगेच अदलाबदल उलटी करून टाकावी, कोणी बघितलं नाही. स्क्रू ड्रायव्हर हातातच होता. त्याने जयश्रीच्या मशीनचा एक स्क्रू काढलाही. पण दिवा तर योगेश सोडवेपर्यंत केशरीच राहणार. आणि डब्याने चार-सी-नऊ-एक लिहून ठेवलेलं ते पुसलं जाणार नाही. उद्या योगेश येईल, मशीन उघडेल, आत जयश्रीचंच कार्ड बघेल आणि म्हणेल, बरोबर, बाहेरचं मशीन लावलं आणि काढून नेलं. मग ती पोर कायमची चोर ठरेल. धुडकूने स्क्रू परत घट्ट केला.

तो टाइम ऑफिसात जाऊन लखनला सगळं बोलला. लखनने पान थुंकलं.

"तू सांगितलंस तर शेठ लेखी जबाब घेणार," तो म्हणाला. "जबाब फाइलला लागणार. फाइल शेठच्या टेबलावर जाणार. झाकण उघडलं म्हणून नोकरी जायची ती जाईलच, वर धुडकू नाहीस म्हणून पोलीस. आणि मी? मला दोन पोरी आहेत रे."

"तुझं नाव नाही घेत मी."

"आणि नाही सांगितलंस तर? ती मुलगी आहे, तिचं लग्न होऊन जाईल. तिला काय नोकरी जन्मभर करायची आहे?"

धुडकूला लखनचा राग आला नाही. तोही दुपारभर स्वतःला हेच सांगत होता. लखनच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते फार घाण वाटलं.

संध्याकाळी भेस्तानच्या खोलीत त्याने ताराला सांगितलं. तारा भाकरी थापत होती. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही, फक्त शेवटी अहिराणीत विचारलं, "त्या पोरनी काय चूक शे?"

"काहीच नही."

"मंग कोनी शे?"

"मनी," त्याने स्वतःच्या छातीकडे बोट केलं.

"मंग?" तारा म्हणाली आणि भाकरी उलटली.

शनिवारी सकाळी योगेश आला. शेठ, चंचल आणि बाकीचे सगळे रूममध्ये उभे होते. जयश्रीलाही बोलावलं होतं, ती दाराबाहेर वडिलांबरोबर होती. योगेशने बॅग उघडायच्या आधीच धुडकू पुढे झाला.

"साहेब, बाहेरचं मशीन आलं नाही. ते चार-सी-नऊ-एक या खालच्या मेलेल्याचं कार्ड आहे. मी बदललं."

योगेशने दोन्ही झाकणं उघडली. दोन्ही कार्डं हातात घेऊन उजेडात धरली, नंबर वाचले, मग कार्डं हुंगली. "हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"का?"

"खंडेनवमी होती."

योगेशने कार्डं खाली ठेवली. बडोद्याचा असला तरी मराठी होता. त्याने शेठला सांगितलं की हा माणूस म्हणतो ते खरं आहे, नंबर जुळतात, चोरी झालेली नाही.

शेठ लाल झाले. "नोटिस नही पढी?"

"पढी, शेठ. मला वाटलं ती चालू दिवसाची. पूजेला झाकण न उघडता वरून टिळा लावायचा, हे काही मनाला पटलं नाही."

बुधवारी त्याच डब्यापुढे त्यांनी स्वतः नारळ फोडला होता. पूजेबद्दल कामगाराला शिव्या घालणं त्यांना दसऱ्याच्या आठवड्यात जड गेलं. त्यांनी जयश्रीला आत बोलावलं, गेटपास परत दिला आणि विचारलं की निळ्या साडीचा काठ कधी होणार. माफी वगैरे काही मागितली नाही. जयश्री सोमवारपर्यंत म्हणाली. मग ती धुडकूकडे वळली, आणि या वेळी मात्र तिला रडू आवरलं नाही. तिच्या वडिलांनी दाराबाहेरूनच हात जोडले. धुडकूला कुठे बघावं कळेना, म्हणून त्याने वर्तमानपत्र गोळा करायला सुरुवात केली.

"जबाब लखावो," शेठ म्हणाले. "अने फाइल लावो."

लखन फाइल शोधायला गेला तो अर्धा तास आलाच नाही. शेवटी आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि हातात बारा वर्षांची धूळ लागलेली फाइल. शेठने ती उघडली. फोटोतला माणूस लांब तोंडाचा, कान बाहेर आलेले, भुवया जुळलेल्या. शेठने फोटो बघितला, मग समोर बघितलं. परत फोटो बघितला.

"आ कोण छे?"

"धुडकू," समोर उभ्या धुडकूनेच सांगितलं.

"तो तू कोण?"

पळून जायला दार उघडं होतं. पण एक खरं बोलून झालं होतं आणि दुसरं त्याच्या पाठोपाठ आपोआपच आलं. "मी आनंदा, शेठ. त्याचा चुलतभाऊ. तो आजारी पडला म्हणून पंधरा दिवसांसाठी आलो होतो."

"केटलां वरस थयां?"

"बारा."

शेठने फाइल मिटली. ते पोलिसांना बोलावतील असं लखनला वाटलं, आणि तो खिडकीला टेकला. पण शेठ व्यापारी माणूस. चोर स्वतःहून आपल्याला चोर म्हणवून घेत नाही, आणि मुलीला वाचवायला तर मुळीच नाही, एवढा हिशेब त्यांना येत होता. पण नियमही त्यांनीच केला होता. फोटो जुळला नाही की भोक बंद.

"धुडकूने काढी नाखो," त्यांनी लखनला सांगितलं, म्हणजे धुडकूचं नाव कापायचं. "याला नवो भरो. नव्या माणसाच्या पगारावर. पण कोई ओळखनारा लाव. हा आनंदा छे, ए कोण कहे छे?"

लखनला माहीत होतं, पण बोलला तर तोच अडकणार. रेशनकार्ड धुडकूचं. भेस्तानच्या चाळीत दारावर खडूने धुडकू. जयश्री पुढे होऊन म्हणाली, "मी ओळखते यांना, शेठ."

"कोणाला?"

जयश्री थांबली. "धुडकूकाकांना," ती म्हणाली आणि मागे सरली.

सोमवारी तारा टाइम ऑफिसात आली. डोक्यावर पदर, पायात नवी चप्पल. मिलमध्ये ती पहिल्यांदाच येत होती. लखनने नवा फॉर्म पुढे ओढला. शेठ खुर्चीत, जयश्री आणि चंचल दारात, आणि आनंदा भिंतीशी, बारा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी उभा होता तसाच, फक्त या वेळी हातात कोणाचं कार्ड नव्हतं.

"हे तुमचे कोण?" लखनने विचारलं.

"घरवाला."

"नाव?"

तारा गप्प. लखनने पुन्हा विचारलं. तारा जमिनीकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. तिने लग्नाला सतरा वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बाईमाणसाने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्नाकार्यात बायका अडवतात तेव्हा उखाण्यात घ्यायचं, एरवी नाही. आणि सुरतेत तिला अडवायला कोणी बाई नव्हती, कारण तिथे सगळ्यांना नाव माहीत होतं आणि ते चुकीचं होतं.

"शुं थयुं?" शेठ म्हणाले. "नाम नथी खबर?"

"खबर शे," तारा म्हणाली. मग तिने पदर सावरला, दाराकडे तोंड केलं आणि लहान पोरीसारखं एका दमात म्हणून टाकलं:

"पांडेसराना मिलमा रंगनी वाफ,
आनंदरावनं नाव लेस, चूक करा माफ."

चंचल हसायला गेली आणि जयश्रीने तिचा हात धरला. आनंदाने बारा वर्षांत सुरतेत आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि बायकोच्या तोंडून तर लग्नानंतर कधीच नाही. त्याला वाटलं होतं आपल्याला लाज वाटेल. वाटला तो आनंदच, आणि इतका, की भाजलेल्या हाताने डोळे पुसताना त्याने ते कोणी बघू नये म्हणूनही काही केलं नाही.

"लखो," शेठ हळूच म्हणाले.

लखनने नाव लिहिलं, आनंदा, राव सोडून. मग पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं आणि खाली मान घालून विचारलं, "अनुभव?"

"नाही," आनंदा म्हणाला.